मांडीवरचं तिकीट, हातातलं सामान

परदेशात राहणाऱ्या कुटुंबाचा लहान मुलांसोबतचा प्रवास बिघडतो तो बहुधा सांध्यांवर. घर सोडून चेक-इनला पोचताना, एका विमानातून दुसऱ्यात जाताना, विमानतळाच्या दारातून गाडीत बसताना, एका घड्याळातून दुसऱ्यात उतरताना. या प्रत्येक ठिकाणी हातातून काहीतरी सुटतं: बाबागाडी, दुधाची बाटली, एखादा कागद, कधी खुद्द मूल. आणि त्या क्षणी हवी असलेली वस्तू हमखास चेक-इन केलेल्या बॅगेत असते. खेळणी आणि गोष्टींची पुस्तकं यांबद्दल खाली काही सापडणार नाही. ती कुठलीही न्या, चालतात.

सुरुवात कागदांपासून, कारण तिथली चूक निस्तरायला आठवडे जातात. आता जवळपास सगळीकडे तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. मोठ्यांचा दहा वर्षांचा आणि मुलांचा पाच वर्षांचा, अशी बऱ्याच देशांत पद्धत आहे. घरातले सगळे पासपोर्ट एकाच पाकिटात असतात, स्वतःच्या पासपोर्टची मुदत आईवडिलांना पाठ असते आणि मुलाचाही तेवढाच चालेल असं गृहीत धरलं जातं. त्यातही नुसती मुदत शिल्लक असून भागत नाही. अनेक देशांना पुढचे सहा महिने शिल्लक लागतात, शेंगेन (युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या) देशांना तिथून निघायच्या तारखेनंतर तीन महिने. म्हणजे मुलाचा पासपोर्ट व्यवहारात साडेचार वर्षांचाच धरायचा.

मूल परदेशात जन्मलं असेल तर एका घरात दोन देशांचे पासपोर्ट असू शकतात. अशा वेळी व्हिसाची चौकशी प्रत्येक पासपोर्टसाठी वेगळी करावी लागते, आणि ती फक्त मुक्कामाच्या देशापुरती पुरत नाही. मधल्या विमानतळावर आईवडिलांना ट्रान्झिट व्हिसा लागत नसेल पण मुलाला लागू शकतो, उलटही होतं. हे उघड होतं चेक-इन काउंटरवर, कारण कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर त्याला परत आणण्याचा खर्च आणि बहुतेक ठिकाणी दंडही विमान कंपनीच्या माथी येतो. समोरचा कर्मचारी टायमॅटिक या नियमांच्या प्रणालीत जे दिसतं त्याप्रमाणे चालतो. त्याच्याशी हुज्जत घालून वेळच जातो. दुसरा खड्डा नवजात बाळाचा: पासपोर्ट आला म्हणून कुटुंब निघतं, पण राहत्या देशाचा रेसिडेन्स परमिट बाळाच्या नावाने अजून झालेला नसतो. बाहेर पडता येतं, परत येताना अडतं. बाळाचा परमिट हातात येईपर्यंत तिकीट काढू नये, किंवा परतीच्या प्रवेशाचा कागद आधी मिळवावा.

बाळाच्या पासपोर्टच्या फोटोचं थोडक्यात सांगतो. पांढऱ्या, सुरकुत्या नसलेल्या चादरीवर बाळाला उताणं झोपवा, खिडकीचा उजेड दोन्ही गालांवर सारखा पडेल असं बघा आणि वरून फोटो काढा. फ्लॅश नको. धरणाऱ्याचा हात दिसला किंवा मागे सावली पडली की फोटो परत येतो. आकार कुठे ३५ × ४५ मिलिमीटर लागतो, कुठे ५१ × ५१. कापण्याआधी ज्या देशाचा पासपोर्ट आहे त्याचा नियम वाचा.

आई किंवा बाबा एकटेच मुलाला घेऊन निघाले असतील तर दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र सोबत हवंच. त्यात मुलाचं पासपोर्टप्रमाणे नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, सोबत कोण जातंय त्याचा पासपोर्ट क्रमांक, प्रवासाच्या तारखा, उतरण्याचा पत्ता आणि संमती देणाऱ्याचा चालू फोन नंबर लिहायचा. सही नोटरीसमोर. सोबत दोन्ही पालकांची नावं असलेला जन्मदाखला, विशेषतः पालक आणि मुलाची आडनावं वेगळी असतील तेव्हा. दाखला एका देशाचा आणि दाखवायचा दुसऱ्या देशात, तर त्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, लागू शकतं. १९६१ च्या हेग करारात नसलेल्या देशांसाठी दूतावासाकडून साक्षांकन करून घ्यावं लागतं. दहापैकी नऊ वेळा हा कागद कुणी मागत नाही. दहाव्या वेळी मात्र रात्री दोन वाजता दुसऱ्या पालकाला फोन लागतो का, यावर सगळं येऊन थांबतं.

आता तिकीट. दोन वर्षांखालच्या मुलाला मांडीवर नेता येतं आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणांत त्याचं भाडं साधारण मोठ्यांच्या दहा टक्के असतं. वय मोजलं जातं प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी. सुट्टीत वाढदिवस आला तर जाताना मांडी आणि येताना स्वतंत्र सीट, असा हिशेब होतो. एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच मूल. शेजारीशेजारी दोन तान्ही मुलंही बसवू देत नाहीत, कारण वरच्या खणात ऑक्सिजनचे मास्क सीटच्या संख्येपेक्षा सहसा एकच जास्त असतो. जुळ्यांच्या आईवडिलांना मार्गिकेच्या दोन बाजूंना बसवतात ते यामुळे.

पुढच्या भिंतीला अडकवायच्या पाळण्यासाठी लोक धडपडतात, त्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. त्याची वजनाची मर्यादा कंपनीप्रमाणे बदलते, बऱ्याच ठिकाणी १० ते १४ किलोच्या दरम्यान असते. पण वजनाआधी लांबी संपते; आठ-नऊ महिन्यांचं बाळ त्यात पाय पसरू शकत नाही. सीटबेल्टची खूण लागली की झोपलेल्या बाळाला उचलून मांडीवर घ्यावं लागतं, आणि हवा खराब असेल तर ही खूण रात्रभर लागत-विझत राहते. त्या रांगेत समोर सीट नसल्यामुळे उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी बॅग पायाशी ठेवता येत नाही, वरच्या कप्प्यात टाकावी लागते. म्हणजे बाळाचे कान दुखण्याची वेळ आणि बॅग हाताशी नसण्याची वेळ एकच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी पाळणा छान. त्यापुढे, परवडत असेल तर स्वतंत्र सीट आणि त्यावर कार सीट हीच व्यवस्था सुरक्षित आणि प्रत्यक्षात जास्त झोप देणारी. त्यासाठी त्या सीटवर विमानात वापरायची मान्यता छापलेली हवी. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सीटवर हे लाल अक्षरांत असतं. खिडकीची जागा घ्या, म्हणजे इतरांची वाट अडत नाही. बूस्टर (मोठ्या मुलाला उंच बसवणारी सीट) विमानात चालत नाही, कारण त्याला खांद्यावरून जाणारा पट्टा लागतो आणि विमानात फक्त कमरेचा असतो.

सगळ्यात महागात पडणारा सांधा म्हणजे कनेक्टिंग फ्लाइट. दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर असतील तर पहिलं लेट झाल्यावर पुढची सोय कंपनीने करायची असते. दोन वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडलेली असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही विमान चुकवलेले प्रवासी. शिवाय सामान काढून, इमिग्रेशन ओलांडून पुन्हा चेक-इन करावं लागतं, त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. कंपन्या एका तिकिटावर जो किमान वेळ देतात तो एकट्या धडधाकट माणसाच्या चालीवर बेतलेला असतो. मुलांसोबत बाबागाडी विमानाच्या दारात येईपर्यंत थांबणं, एक लंगोट (डायपर) बदल, लिफ्टची रांग आणि पुन्हा सिक्युरिटी एवढं धरा. माझा हिशेब किमान तीन तासांचा, आणि त्या दिवसाचं शेवटचं उड्डाण पुढचं म्हणून कधीच घेऊ नये.

विमान चुकून नवं तिकीट मिळालं की एक गोष्ट लगेच तपासा: बाळ त्यावर आलंय का. मांडीवरच्या बाळाला सीट नसली तरी त्याचा स्वतःचा १३ अंकी तिकीट क्रमांक असतो. घाईत मोठ्यांची उड्डाणं बदलली जातात आणि बाळाचं तिकीट जुन्याच उड्डाणावर लटकत राहतं. ते कळतं थेट गेटवर, बोर्डिंग संपत आलेलं असताना. म्हणून काउंटर सोडण्यापूर्वी बाळाचा वेगळा बोर्डिंग पास हातात घ्या, पाळण्याची किंवा खास जेवणाची नोंद नव्या उड्डाणावर परत करून घ्या आणि सामानाच्या पावत्यांवर अंतिम विमानतळाचं तीन अक्षरी चिन्ह बघा. बाबागाडीच्या टॅगचंही तसंच. गेटवर दिलेली गाडी पुढच्या विमानाच्या दारात मिळणार की थेट शेवटच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर, हे विचारून घ्या. मधल्या विमानतळावर ती मिळणार नसेल तर बाळ अंगावर बांधायचा कॅरियर हवाच. बाबागाडी नसली तरी चालेल, कॅरियर नसला तर हात मोडतात.

खोळंबा होणारच हे धरून हातातलं सामान भरायचं. घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचे तास मोजा आणि त्यात बारा मिळवा. लंगोट दर दोन तासांना एक, वर सहा. वीस तासांच्या प्रवासाला हे बावीस होतात आणि जास्त वाटतात, पण रात्रीच्या विमानतळावर योग्य मापाचा लंगोट मिळत नाही. मुलाचे कपड्यांचे तीन जोड, प्रत्येक जोड वेगळ्या झिपच्या पिशवीत. घाण झालेले कपडे त्याच पिशवीत बंद होतात. मोठ्यांसाठी एकेक शर्ट आणि एक पँट, कारण उलटी मुलाच्या अंगावर कमी आणि धरणाऱ्याच्या अंगावर जास्त होते. दोन लंगोट, ओल्या पुसण्या, एक जोड आणि रिकामी पिशवी असं छोटं बंडल वेगळं ठेवा. विमानाच्या शौचालयात अख्खी बॅग घेऊन वळतासुद्धा येत नाही. पासपोर्ट आणि औषधं मात्र बॅगेत नकोत, अंगावरच्या पाकिटात हवीत. पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाही. १०० वॉट-तासांपर्यंतची केबिनमध्ये नेता येते. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तासांची असते.

सिक्युरिटीला द्रव पदार्थांचा १०० मिलीचा नियम अनेक विमानतळांवर अजून आहे, पण बाळाचं दूध, खाणं आणि औषध प्रवासापुरत्या प्रमाणात त्यातून वगळलेलं असतं. अट एवढीच की ते बॅगेतून काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायचं आणि आधी सांगायचं. काही ठिकाणी बाटली उघडून तपासतात. गोठवलेलं आईचं दूध न्यायचं असेल तर नियम बघून निघा; ब्रिटनमध्ये ते हातातल्या सामानात चालत नाही. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, गोठवलेल्या आइस पॅकसह थर्मल पिशवीत २४ तास. पावडरीचं दूध असेल तर एकेका बाटलीची पावडर मोजून वेगळ्या डब्यांत भरा. पाणी किमान ७० अंश गरम असावं, कारण पावडर निर्जंतुक नसते. मग बाटली वाहत्या किंवा गार पाण्यात धरून कोमट करायची. बाळाने तोंड लावलेली बाटली तासाभरानंतर ओतून द्या, झोपेतून उठल्यावर पुन्हा देऊ नका. विमानात दुधासाठी नळाचं पाणी नको, बाटलीबंद पाणी गरम करून मागा. आणखी एक: पहिल्या सिक्युरिटीनंतर भरलेलं पाणी मधल्या विमानतळाच्या सिक्युरिटीत टाकून द्यावं लागू शकतं, त्यामुळे मुलाला तहान लागण्याची वेळ आणि रांगेची वेळ जुळवून घ्या.

विमान वर गेल्यावर केबिनमधला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा होतो. जमिनीवर घट्ट बंद केलेला नळीचा सिपर वर उघडला की कारंजं उडतं, ते या फरकामुळे. झाकण आधी किंचित सैल करून हवा जाऊ द्या, मग नळी उघडा. कानांचं कारणही हेच. मुलांची घसा आणि मधल्या कानाला जोडणारी नळी अरुंद आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून त्यांना दडे लवकर बसतात. त्रास वर जाताना कमी आणि उतरताना जास्त होतो, कारण बाहेरचा दाब वाढताना ती नळी आपोआप उघडत नाही, गिळावं लागतं. चाकं जमिनीला लागण्याच्या वेळी बाटली देणं उशिराचं असतं. उतरणं साधारण अर्धा तास आधी सुरू होतं, तेव्हाच दूध, पाणी किंवा चोखणी द्या. गाढ झोपेत गिळणं कमी होतं, म्हणून मन घट्ट करून मुलाला त्या वेळी जागं करावं. सर्दीने नाक बंद असेल तर अर्धा तास आधी सलाइनचे थेंब. कान फुटला असेल किंवा जोरात दुखत असेल तर उड्डाणाआधी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय निघू नये.

उलटीकडे जरा सविस्तर बघू, कारण प्रवासातल्या उलट्या दोन प्रकारच्या असतात आणि उपाय वेगळे. गाडी लागते ती डोळे आणि कानातला तोल सांभाळणारा भाग वेगवेगळ्या गोष्टी सांगतात म्हणून: कान म्हणतो हलतोय, स्क्रीनवर खिळलेले डोळे म्हणतात स्थिर आहे. दोन वर्षांच्या आत हे क्वचित, त्यानंतर बारा वर्षांपर्यंत सर्रास. आधी मूल गप्प होतं, जांभया देतं, पांढरं पडतं, तोंडात लाळ जमते. स्क्रीन तिथेच बंद करा, लांबचं क्षितिज दाखवा, गार हवा द्या. पोट पूर्ण रिकामं ठेवू नका, तुडुंबही भरू नका. गाडी लागण्याची औषधं डॉक्टरांना विचारून आणि एकदा घरी देऊन पाहावीत. गुंगी यावी म्हणून देणाऱ्यांची मुलं उलट जास्त चेकाळतात, असंही होतं. प्रोमेथाझिन दोन वर्षांखाली अजिबात नाही, त्याने श्वास मंदावू शकतो. सीटच्या खिशातली कागदी पिशवी तीन वर्षांच्या मुलाला धरता येत नाही. रुंद तोंडाची मोठी झिपची पिशवी घ्या, आत एक लंगोट उलगडून ठेवा. तो सगळं शोषून घेतो आणि सांडत नाही.

दुसरी उलटी पोटाच्या संसर्गाची. तिच्यात खरं संकट पाणी कमी होण्याचं असतं. ओआरएसची पाकिटं हातातल्या बॅगेत हवीत, आणि पाकिटावर किती पाण्यासाठी आहे ते वाचायला हवं. काही पाकिटं एका लिटरची असतात, काही २०० मिलीची. लिटरचं पाकीट पेल्यात घातलं तर मीठ पाचपट होतं आणि ते धोक्याचं आहे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. साखर चवीपुरती नसते, तिच्यासोबतच आतडं मीठ आणि पाणी आत खेचतं. म्हणूनच गोड पेयं किंवा नुसता फळांचा रस बाधतो: साखर इतकी जास्त असते की पाणी उलट आतड्यात ओढलं जातं. उलटी झाल्यावर दहा मिनिटं काही देऊ नका. मग ५ मिलीचा एक चमचा, दर एक-दोन मिनिटांनी. तहानलेलं मूल पेला हिसकावून घटाघटा पितं आणि सगळं परत बाहेर येतं. म्हणून पेला नको, चमचा किंवा सिरिंज. जुलाबही असतील तर दोन वर्षांखाली प्रत्येक जुलाबामागे ५० ते १०० मिली, दोन वर्षांवरच्या मुलाला १०० ते २००. अंगावरचं दूध चालू ठेवा. तयार केलेलं ओआरएस २४ तासांनी फेका. सहा तास लंगोट कोरडा, रडताना अश्रू नाहीत, टाळू किंवा डोळे खोल गेलेले, मूल मलूल, उलटीत रक्त किंवा हिरवा रंग, असं काही दिसलं तर विमानतळावरच वैद्यकीय मदत मागा. पुढचं उड्डाण सोडावं लागलं तरी सोडा.

उलटीने कार सीट भिजली तर पट्टे मशीनमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात बुडवू नका, त्यांची ताकद कमी होऊ शकते. ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. कापडाचं कव्हर मात्र बहुतेक सीटचं काढून धुता येतं.

तापाच्या औषधात परदेशात राहणाऱ्यांची एक ठरावीक गफलत होते. घरात दोन देशांच्या बाटल्या असतात आणि डोस मिलीमध्ये पाठ असतो. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो: प्रति किलो १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, दिवसाला जास्तीत जास्त चार वेळा. पण बाटलीतलं प्रमाण देशागणिक बदलतं. ५ मिलीत कुठे १२० मिलिग्रॅम असतं, कुठे १६०, कुठे २५०. आणि काही थेंबांच्या बाटल्यांत एका मिलीतच १००. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचं तर पहिल्या बाटलीतून ६.२५ मिली, दुसरीतून ४.७, तिसरीतून ३ आणि थेंबांतून फक्त १.५ मिली. सवयीने थेंबांच्या बाटलीतून ५ मिली दिलं तर तिपटीहून जास्त जातं. नावही फसवतं, अमेरिका आणि कॅनडात हेच औषध अॅसिटामिनोफेन म्हणून मिळतं आणि सर्दीच्या मिश्र औषधांत लपलेलं असतं, त्यामुळे दोनदा दिलं जातं. मुलाचं किलोतलं ताजं वजन आणि औषधांची मूळ नावं एका कागदावर लिहा, मोजायला खुणांची सिरिंज ठेवा. डोसची वेळ एकाच घड्याळाने नोंदवा, शक्यतो निघाल्या ठिकाणच्या. फोनचं घड्याळ उतरल्यावर आपोआप बदलतं आणि ‘दोन वाजता दिलं होतं’ याला काही अर्थ उरत नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला तर घरगुती उपाय नको, थेट डॉक्टर. अॅस्पिरिन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मुलांना नाहीच.

लसींबद्दल एकच: सहा ते अकरा महिन्यांच्या बाळासोबत परदेशप्रवास असेल तर गोवराची एक आगाऊ मात्रा देण्याचा सल्ला काही देशांत दिला जातो, आणि ती नेहमीच्या दोन मात्रांत धरत नाहीत. दोन देशांची लसीकरणाची वेळापत्रकं जुळत नाहीत, म्हणून मूळ कार्ड सोबत ठेवा.

उतरल्यावर सगळ्यांच्या नजरा सामानाच्या पट्ट्यावर असतात आणि मूल हरवतं ते तिथेच. दोघं मोठे असतील तर दोघांनाही वाटतं की दुसऱ्याचं लक्ष आहे. ‘आता तुझ्याकडे’, ‘हो, माझ्याकडे’ असं तोंडाने म्हणायची सवय लावून घ्या. ऐकायला विचित्र वाटतं, पण उपयोगी पडतं. देशाच्या कोडसह फोन नंबर मुलाच्या दंडावर बॉलपेनने लिहा आणि निघताना त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा.

बॅग आलीच नाही किंवा बाबागाडीची दांडी मोडून आली तर त्या हॉलमधून बाहेर पडण्याआधी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. घरी पोचून फोन करणाऱ्यांना सिद्ध करत बसावं लागतं. १९९९ च्या माँट्रियल कराराप्रमाणे नुकसानीचा लेखी दावा सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिराचा २१ दिवसांत करायचा. २१ दिवसांत बॅग आली नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. २८ डिसेंबर २०२४ पासून सामानाच्या भरपाईची मर्यादा प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. मधल्या दिवसांत घेतलेले लंगोट, कपडे, दूध यांच्या पावत्या जपा. बाबागाडी आणि कार सीट ताब्यात देताना त्यांचे फोटो काढून ठेवलेले असले की पुढचा पत्रव्यवहार निम्मा होतो.

कार सीट सामानात टाकली असेल तर ती आदळली असण्याची शक्यता धरावी. कवचाला तडा, वाकलेला हुक किंवा अडकणारं बकल दिसलं तर वापरू नका. भाड्याच्या गाडीसोबत सीट मागवली तरी ती वेगळ्याच मापाची निघते, आणि बसवून देण्याची जबाबदारी बरेचदा कुणी घेत नाही. मान्यतेचे नियमही वेगळे आहेत: युरोपची खूण असलेली सीट अमेरिकेच्या नियमांत बसत नाही आणि अमेरिकेची युरोपच्या. युरोपच्या आर १२९ नियमात १५ महिन्यांपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवायचं आहे. त्यापुढेही जमेल तितके दिवस तसंच ठेवावं. बसवल्यावर पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून हलवा, अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. मुलाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला तर तो सैल आहे. जाड थंडीचं जाकीट घालून कधीच बांधू नका. धडकेत जाकीट दबतं आणि पट्टा सैल पडतो. जाकीट काढून बांधा आणि तेच वरून पांघरा. मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगसमोर पुढच्या जागेवर कधीही नाही.

राहिलं घड्याळ. शरीर साधारण दिवसाला एक तास सरकतं आणि पूर्वेकडे जाताना जास्त कुरकुरतं. तीन-चार महिन्यांच्या आतल्या बाळाचं घड्याळ पक्कं झालेलं नसतं, त्याला फार फरक पडत नाही. खरा त्रास दीड ते पाच वर्षांच्या मुलांना होतो. रात्री दोन वाजता टक्क जागं झालेल्या मुलाला दामटून झोपवण्यात अर्थ नाही. दिवे मंद ठेवा, थोडंसं खायला द्या, स्क्रीन मात्र नको. दिवसाची झोप दीड-दोन तासांवर मोडा, नाहीतर तीच रात्र होऊन बसते. पूर्वेकडे आठ-नऊ तासांचा फरक असेल तर पहिले दोन दिवस सकाळच्या कडक उजेडात नेऊ नका. शरीराच्या लेखी ती अजून रात्र असते आणि उजेडाने घड्याळ उलट मागे सरकतं. दुपारी बाहेर काढा. मेलाटोनिन काही देशांत दुकानात सहज मिळतं आणि काही देशांत चिठ्ठीशिवाय नाही. मुलांना ते डॉक्टरांना विचारूनच.

आणि मुलासोबत आईबाबांचंही घड्याळ फिरलेलं असतं. लांबच्या उड्डाणानंतर भाड्याची गाडी विमानतळावरच ताब्यात घेऊन रात्री दोन-तीन तास चालवत जायचा बेत ठेवू नका. जवळपास एक रात्र थांबा, गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या, आणि सीट उजेडात, घाई नसताना बसवा.